जावयाची बॅटरी उतरली

कासोंडे,

आज तुला आपल्या लेकराच्या नावाने, मानाने "चिलुफ्याचे बाबा" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझे वडील वारलेले, घरात बायका रडतायत, आणि तू काल अंगणात गाडीत बसून दिवसभर तिच्या रेडिओवर फुटबॉलची मॅच ऐकत बसलास. सकाळी बघते तर बॅटरी उतरलेली आणि तू घोरतोयस. आईला घेऊन मी मिनीबसने किटवेच्या दफनभूमीत चालले आहे.

दहा वाजता शेजारचे सिमुकोंडा त्यांची गाडी आणि बॅटरी जोडायच्या तारा आणतील. गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका, दोन्ही बंद ठेवा. लाल तार आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. सिगारेट विझव. बॅटरी तोंडावर फुटली तर आज तुझ्यासाठी रडायला कोणाला सवड नाही. आधी त्यांची गाडी चालू करा, मग आपली. तारा उलट्या क्रमाने काढ.

गाडी चालू झाली की तुझ्या आईकडे जा, इकडे येऊ नकोस. कबरीवर फुलं वाहायला जावयाचं नाव पुकारतील, तेव्हा मिनीबसचा ड्रायव्हर पुढे होईल. माझ्या आईनेच त्याला तसं सांगितलंय.

मुसोंडा