यंत्राने दुरुस्त केलेली वंशावळ

प्रिय बिबिगुलताई,

हृदयाचे आजार जनुकांवरून हेरायला मी संगणकाला बारा वर्षं शिकवतेय. तो चुकत नाही, हे मी अल्माटीत छातीठोकपणे सांगते. परवा त्याला आपल्याच घरच्यांची जनुकं दिली. बाबा ज्या दोषाने गेले, तो तुझ्यात आणि माझ्यात निघाला. शिवाय तू माझी आई निघालीस.

"बिघडलाय मेला!" मी ओरडले.

सहकारी सेरिकबाय हसला. "अगं, पहिलं मूल आजी-आजोबांच्या पदरात घालायची आपली कझाकांची रीत विसरलीस?"

आई अजून मला शेंडेफळ म्हणते. तिचं मन दुखू नये म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही. फोनवर ताईच म्हणेन आणि सोमवारी तपासणीला बोलावीन. "घोड्यांचं दूध कोण काढणार?" म्हणून टाळलंस, तर स्वतः न्यायला येईन. दोष वेळेत सापडलाय, इलाज आहे. तू काही माझ्या हातून सुटत नाहीस.

तुझी थोरली,
राउशान