भाच्याची वरात, माझी पिकअप

६ एप्रिल
बाबांची जुनी होडी रंगवून ट्रॉलीवर चढवली, ट्रॉली पिकअपला लावली. पिकअप मागून बसली, पुढून वर गेली. गाडी चालवताना मला रस्ता कमी आणि घणसोली गावातल्या लोकांच्या गॅलऱ्या जास्त दिसत होत्या. नमिता म्हणाली, म्हैस बसल्यासारखी दिसते. बायकोला गाड्यांतलं काही कळत नाही. लोड आला की गाडी जरा रिलॅक्स होते, एवढंच.

निश्चय: चार मेपर्यंत गाडी लेव्हलमध्ये. त्या दिवशी जासईला भाच्याचं लग्न. माझी बहीण शेवंता, तिचा एकुलता एक कल्पेश. त्याचा बाप गेला तेव्हा पोरगं माझ्या मांडीवर रडत होतं. गप्प करायला बोललो होतो, तुझी वरात आजोबांच्या होडीतून काढीन आणि होडी मी स्वतः ओढीन. पोरगं विसरलं नाही. मीपण नाही. भाड्याचा ट्रॅक्टर वगैरे आपल्याला जमणार नाही.

८ एप्रिल
जासईला बैठक. कल्पेशचा काका गोटीराम पण होता. त्याचे कंटेनर यार्डात ट्रेलर चालतात, म्हणून तो स्वतःला इंजिनियर समजतो. सगळ्यांसमोर म्हणे, चांगदेव, होडी लय पुढं ठेवलीस, सगला भार हुकावर येतंय, हातभर मागं सरकव, फुकटात काम होईल.

मी बोललो, हा सस्पेन्शनचा विषय हाय, तुमाला नाय कलाचा. होडी जागची हलणार नाही. तिच्या तोंडावर बाबांचा फोटो लावायचाय, तो माझ्या गाडीला लागूनच पायजे. आणि गोटीरामचं ऐकून होडी सरकवली तर मामाचा मान काय राहिला?

११ एप्रिल
नावड्याला कुलदीपच्या गॅरेजात गेलो. मागच्या चाकांवरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, एक जादा पाटा टाकला. कुलदीपला आधी यूट्यूबवरचं सगळं समजावून सांगितलं. तो मान डोलवत होता. इम्प्रेस झाला असणार.

१२ एप्रिल
रिकामी गाडी आता मागून उंच झाली. होडी लावली की परत खाली. म्हणजे पाटा काम करतोय, फक्त होडी नसताना.

नमिता मार्केटला माझ्यासोबत आली. येताना ट्रेमधली अंडी फुटली. म्हणाली, परत या गाडीत बसणार नाही. बरं झालं, लोड कमी.

१८ एप्रिल
पाट्यांच्या खाली रबराचे ठोकळे बसवले. गाडी कडक झाली. स्पीडब्रेकरवर माझं डोकं टपाला लागलं. मजबुतीचं लक्षण आहे. होडी लावून बघितली नाही. उगाच रोज रोज बघून मन खचतं.

१९ एप्रिल
बघितली. बसते.

२४ एप्रिल
ऑनलाइन मागवलेल्या एअर बॅग आल्या, सस्पेन्शनला लावायच्या. हवा भरली की गाडी वर. आता बोला. कुलदीपने बसवल्या आणि माझा फोटो काढला.

२५ एप्रिल
डावी बॅग लीक. गाडी डाव्या अंगावर कलली. उजवीकडून बघितलं तर एकदम लेव्हल. अर्धं काम झालं म्हणायचं.

कल्पेशचा फोन आला. म्हणे, मामा, टेन्शन नको घेऊ, काका ट्रेलर देतो बोललाय, तू फक्त पुढं नाच. मी हसून फोन ठेवला. पण वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. पोरगं माझी अडचण समजून घेतंय, आणि मला समजून घेतलेलं नकोय.

ट्रेलर येणार नाही. लिहून ठेवतो.

३० एप्रिल
शोध लागला. गाडी उतारावर तोंड करून उभी केली की मागून अजिबात बसलेली वाटत नाही. फोटो लग्नाच्या ग्रुपवर टाकला. गोटीरामने अंगठा पाठवला. जळतो.

२ मे
होडी जासईला नेली. रस्ताभर समोरचे लोक डोळ्यांवर हात धरत होते, माझ्या हेडलाइट वर बघतात म्हणून. दिवसा हेडलाइट लावायची काही गरज नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

४ मे, दुपार
सगळं तयार. डीजेचे बॉक्स माझ्या पिकअपमध्ये. दोन्ही आरशांना झेंडूचे हार. होडीत कल्पेश फेटा बांधून बसला, बाबांच्या फोटोमागे. डोळे भरून आले. पुसले.

ट्रॉली हुकाला मीच लावणार म्हणून सांगितलं. मामाचा मान आहे. नारळ फोडला, हूक जोडला, पिन लावायला वाकलो तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, मामा, इकडे बघा. बघितलं. नंतर हार घातला, अजून फोटो. निघतो आता.

४ मे, संध्याकाळ
केबिनमध्ये बसून लिहितोय. नवरीच्या मांडवासमोर. जिंकलो.

गाडी बसली नाही. जरासुद्धा नाही. निघाल्यापासून एकदम लेव्हल. पाटा, रबर, एअर बॅग, सगळ्यांनी शेवटी मिळून काम केलं. स्टिअरिंग हलकं, पिकअप नुसती पळत होती. डीजे फुल होता. गोटीरामचे फोन येत राहिले, उचलले नाहीत. बघवत नसणार त्याला.

नवरीकडच्यांनी मला ओवाळलं, सरबत दिलं. एक बाई विचारत होती, नवरदेव कुठाय. बोललो, मागे होडीत आहे, नाचत येतील सावकाश. ती मागे बघत राहिली. उतरतो आता, सगळ्यांना गाडी दाखवतो.

५ मे
पिन माझ्या सफारी सूटच्या खिशात होती.

ट्रॉली आपल्याच मांडवापासून, शेवंताच्या दारातून, चार पावलांवरच सुटली. लोक ओरडत होते, पण डीजे माझ्याच गाडीत. मग गोटीरामने दोर मागवला. गावातल्या बाप्यांनी होडी खाडीतून वर ओढतात तशी ओढली, हैसो करत, नवरीच्या मांडवापर्यंत. डीजे नाही म्हणून धवलारीन बायांनी लग्नाची जुनी गाणी, धवले म्हटले, सगळा रस्ता. शेवंता रडत होती. म्हणाली, दादा, बाबांच्या येलंला होडी अशीच ओढायचे. अशी वरात जासईत कुनी बगितली नसंल.

कल्पेश पाया पडला. म्हणे, मामा, तू शब्द पाळलास. मी बोललो, हो.

नमिताने सकाळी व्हिडिओ दाखवला. दोराच्या पुढच्या टोकाला गोटीराम, घामाने भिजलेला. मामाची जागा ती. ओढणाऱ्यांत सगळे आहेत, कुलदीपसुद्धा. मी नाही. सुरुवातीला फक्त एका कोपऱ्यात माझी पिकअप लांब जाताना दिसते. मागून अजिबात बसलेली नाही.