टर्नर्स हॉलोचे भावी रहिवासी

९ ऑगस्ट, शनिवार
निर्णय झाला. टाउनहाउस पुरे, सोसायटीची पार्किंगवरून येणारी ईमेल्स पुरेत. वेस्ट विंडसरमध्ये माणूस राहत नाही, नुसता कम्यूट करतो. आता गाव! टर्नर्स हॉलो, इथून तासाभरावर. एक चर्च, एक फायर हाउस, बाकी मका. तिथे डोरोथीबाईंचं एकमजली घर विकायला आहे, मागे पाच एकर. बाई ऐंशीच्या पुढच्या, मुलीकडे ओहायोला निघाल्यात. म्हणजे त्या घाईत आहेत. म्हणजे आपण घाईत नाही.

अनया कॉलेजच्या बॅगा भरता भरता म्हणाली, डॅड, यू किल्ड अवर तुळस. मुद्दा गैरलागू. तेव्हा मृणालिनी पुण्याला गेली होती. बायकोने जाताना नीट सूचना द्यायला हव्यात.

१६ ऑगस्ट
घर पाहिलं. मृणालिनीच्या आग्रहाखातर शुभामावशींनाही नेलं. मावशी म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या, लहान मुलांच्या रिटायर्ड डॉक्टर. काका गेल्यापासून दुमजली घरात एकट्या, गुडघ्यांनी जिने होत नाहीत. वाटेत त्यांना सीनियर कम्युनिटीचे फायदे समजावून सांगितले. म्हणाल्या, केदार, समोर बघ, हरीण आहे. होतं.

घरात शिरताच फोनवर होकायंत्र लावलं. माझा वास्तूवर विश्वास नाही, पण दोष निघाला तर भाव पाडता येतो. निघाला! सेप्टिक टँक ईशान्येला. डोरोथीबाईंना गंभीरपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, हनी, साठ वर्षं तो तिथेच आहे, कुठे गेलेला नाही. मावशी हसल्या. आपल्या बाजूच्या माणसाने असं हसू नये.

मग त्या दोघी किचनमध्ये टोमॅटो कापत गुडघ्यांविषयी बोलत बसल्या. म्हाताऱ्या माणसांचा वेळ जातो. मृणालिनीने मात्र काहीच इंटरेस्ट घेतला नाही. मागच्या पायरीवर चपला काढून तासभर नुसती बसून राहिली. फोनसुद्धा बघितला नाही. तिला घरातलं कळत नाही, असं नाही. पण व्हिजन लागते.

२४ ऑगस्ट, रविवार
गावात आधी माणूस म्हणून रुजायचं, घर नंतर. फायर हाउसच्या पॅनकेक ब्रेकफास्टला गेलो. इथे आग विझवणारे सगळे व्हॉलंटियर. चीफला म्हटलं, मीही येणार. तो खूश. म्हणाला, पेजर वाजला की पाच मिनिटांत ट्रकवर, रात्र असो की स्नो. मी म्हटलं, माझी खरी स्ट्रेंग्थ स्ट्रॅटेजीत आहे, मी तुम्हाला डॅशबोर्ड करून देतो. तो बराच वेळ माझ्या पॅनकेककडे बघत राहिला. विचारात पडला असावा.

परतताना, गावातली रीत म्हणून, समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात केला. एकाने थांबून विचारलं, गाडी बंद पडली का.

४ सप्टेंबर
ऑफर दिली. मागितल्यापेक्षा बरीच कमी. मृणालिनी म्हणाली, इतकी कमी? त्यांना वाईट वाटेल. तिला सांगितलं, बिझनेसमध्ये वाईट वाटत नसतं.

५ सप्टेंबर
डोरोथीबाई हो म्हणाल्या!! ताबडतोब. रात्रभर विचार केला: ताबडतोब का? म्हणजे अजून उतरल्या असत्या.

८ सप्टेंबर, सोमवार
सुचलं. आजपासून पितृपक्ष. कॉन्ट्रॅक्टवर सही करायचीच नाही. डोरोथीबाईंना फोन करून सांगितलं की, आमच्यात हे पंधरा दिवस पूर्वजांचे, नवं काही करत नाहीत. त्या म्हणाल्या, ओह डिअर, तुमच्याकडे कोणी गेलं का? सॉरी फॉर युअर लॉस. मी सॉरी स्वीकारलं. आता पंधरा दिवस त्या धास्तावतील, घटस्थापनेला मी आणखी कमी आकडा सांगेन. आयडिया फूलप्रूफ आहे.

मृणालिनी म्हणाली, तू आईच्या श्राद्धालाही कधी सुट्टी घेतली नाहीस. हे दोन वेगळे विषय आहेत.

१४ सप्टेंबर
शुभामावशींचा फोन. घेतोयस का ते घर? हो किंवा नाही, एका शब्दात सांग. मी निगोशिएशनवर वीस मिनिटं बोललो. शेवटी म्हणालो, मावशी, खरी ताकद कशात, तर आय ॲम रेडी टू वॉक अवे. मावशी म्हणाल्या, नक्की? मी म्हटलं, शंभर टक्के. त्या म्हणाल्या, बरं मग, तू कर वॉक अवे, मी बघते. छान विनोदी बाई आहेत.

१५ सप्टेंबर
मृणालिनी म्हणाली, आज सही कर, प्लीज. मला ती पायरी हवी आहे. तिला सांगितलं, पायऱ्या डेकोरेटर करून देतो.

२२ सप्टेंबर, घटस्थापना, सकाळी ९
नवा आकडा घेऊन फोन केला.

सकाळी ९.१०
घर विकलं. मागच्या आठवड्यात. पूर्ण किमतीला, कॅश. घेणारं माणूस: डॉक्टर शुभा.

दुपारी
मावशींना फोन. पितृपक्षात, मावशी? म्हणाल्या, पितरांना मी कळवलंय. तुझे काका त्यांच्यातच आहेत, ते समजावतील सगळ्यांना. मग म्हणाल्या, तुला विचारलं होतं रे. डोरोथी रोज संध्याकाळी मला फोन करून विचारायची, दॅट पुअर मॅन, स्टिल ग्रीव्हिंग?

मृणालिनीला बातमी सांगितली. तिला माहीत होती. घराची तपासणी करायला मावशींबरोबर तीच गेली होती.

रात्री
एका अर्थी बरंच झालं. पाच एकर गवत कोण कापणार? शिवाय मार्केट पडणार आहे. डोरोथीबाई फसल्या नाहीत, मावशी फसल्या. पुढचं गाव शोधायचं. पेनसिल्व्हेनिया?

८ नोव्हेंबर, शनिवार
मावशींची वास्तुशांत. निम्मं मंडळ आलं. मावशी म्हणाल्या, केदार, तुला रस्ते पाठ आहेत, गाड्या तूच लाव. दिवसभर शेतात गाड्या लावल्या. पिस्कॅटवेहून आलेल्या, मंडळातल्या एका नव्या मुलाने माझ्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाला, थँक्स काका, सावलीत लावा.

पंगतीत चीफ मावशींशेजारी. पेजर वाजल्यावर त्यांच्या डॉक्टरकीचा उपयोग होईल म्हणून दोघं खूश. डॅशबोर्डचा विषय निघाला नाही.

निघताना पाहिलं तर मृणालिनी मागच्या पायरीवर. शेजारी तिचा लॅपटॉप, चार्जर आणि मोठी बॅग. म्हणाली, मावशींना थोडे दिवस सोबत हवी, माझं काम कुठूनही होतं, तू हो पुढे. मी म्हटलं, मीच सुचवणार होतो. म्हणाली, सोमवारी येते.

आत्ता घरी पोचलो. कुठल्या सोमवारी, ते विचारायचं राहिलं.