दत्तक बॅरन

ॲशबर्न, व्हर्जिनिया
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप सुलभाकाकी यांस,
देवदत्तचा साष्टांग नमस्कार.

तुमचं ऐकण्याचं यंत्र पुन्हा कपाटात जाऊन बसलं, असं तुमचा संग्राम सांगत होता. फोनवर मी ओरडतो, तुम्ही ‘हो हो, जेवले’ म्हणता आणि दोघंही समाधानाने फोन ठेवतो. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. या अक्षराला वळण तुम्हीच लावलंय, तेव्हा तक्रार करायची सोय नाही.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडली की रेखाचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघा कुरकुरला की ती माझ्यावर कुरकुरते. मी निवृत्त झालो, तरी मागच्या डेटा सेंटरची घरघर कानावर पडल्याशिवाय मला चैन पडत नाही. उभं आयुष्य असल्याच खोक्यांची राखण करण्यात गेलं. दिवाळीला मंडळाचा कार्यक्रम झाला. दरवर्षीप्रमाणे माइकवरून पुकारा झाला, ‘आता आपले बॅरनसाहेब दीप लावतील,’ आणि दरवर्षीप्रमाणे लोक हसले. आपला पोर्तुगीज ‘बारांव’ हा शब्द इथल्या पुण्या-नागपूरकडच्या मंडळींच्या तोंडात बसत नाही, म्हणून मी बॅरन. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरी रेखा लगेच जमिनीवर आणते. ‘बॅरनसाहेब, डिशवॉशर रिकामा करा!’

यंदा मात्र मी दिवा लावायला उठलो नाही. पाठ धरलीय म्हणून सांगितलं. पाठ चांगली ठणठणीत होती.

त्याचं कारण लिस्बनमध्ये घडलं. तेच सांगायला हे पत्र घेतलंय, आणि तेवढंच सोडून बाकीचं सांगत बसलोय.

सप्टेंबरात आन्या मला तिकडे घेऊन गेली. बापाला सत्तरीची भेट. पोरगी इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, पण बोलायला लागली की दोन वाक्यांत इंग्रजीवर जाते. तरी बापाचं खूळ तिने मनावर घेतलं. तिथे जुन्या सरदार घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारं एक मंडळ आहे. राजा जाऊन शंभर वर्षं उलटली, सरकारदरबारी या पदव्यांना कोणी विचारत नाही, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आपण तरी काय वेगळे? त्या मंडळातले सेन्योर तावारीश नावाचे एक वयस्क गृहस्थ आम्हाला कॉफीला भेटले. ओळखदेख झाल्यावर मी आपली गाथा सुरू केली.

ती कशी सांगायची ते बाबासाहेबांनी मला पाठच करून दिलं होतं. दुष्काळाच्या साली गोव्यातल्या पिंपळण्याच्या विठोजी प्रभुदेसायांनी आपली कोठारं उघडली, पलटणीलाही खाऊ घातलं आणि गावालाही, म्हणून पोर्तुगालच्या राजाने त्यांना ‘बारांव द पिंपळणें’ केलं. ही पदवी वंशपरंपरेची. दुसऱ्या बारांवांच्या वेळी तिकडे राजाच गेला. त्यावर ते म्हणाले, ‘राजा उतरला म्हणून आम्ही का उतरावं?’ मग तिसरे, आपले बाबासाहेब. गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांनी दारावरच्या दगडी चिन्हावर गोणपाट टाकलं, पण ते पुरतं उतरवायला काही त्यांचा हात धजला नाही. तावारीश हसले. मी आणखी रंगात आलो.

‘आणि तुम्ही तिसऱ्या बारांवांचे चिरंजीव,’ ते इंग्रजीत म्हणाले.

‘दत्तक,’ मी म्हणालो. काकी, मी ते अभिमानाने म्हणालो. बाबासाहेबांना मुलगा नव्हता, तेव्हा धाकट्या भावाचा पहिला मुलगा विधिपूर्वक घेतला, होम झाला, गावजेवण झालं, सगळं सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. ‘मला वाईट वाटतं,’ ते म्हणाले, ‘पण दत्तकाकडे पदवी जात नाही. ती रक्ताने जाते. दत्तकाकडे ती कधीच जात नव्हती.’ मग त्यांनी विचारलं, ‘त्यांना मुलगी नव्हती?’

‘आहे. शैलजा. माझ्याहून मोठी.’

‘मग ती बारोनेझा. मुलगा नसेल तर मुलगी. आमच्याकडे हे पहिल्यापासून असंच आहे.’

बाबासाहेब पोर्तुगीज वर्तमानपत्र वाचायचे, पोर्तुगीजमध्ये शिव्यासुद्धा द्यायचे. पण ही गोष्ट लिस्बनला विचारून घ्यावी असं त्यांना वाटलं नाही, तुमच्या यजमानांना वाटलं नाही, होम करणाऱ्या भटजींना तर नाहीच. मुलगी परक्याचं धन आणि पुत्र नसला की दत्तक, हे आपल्याला इतकं पक्कं ठाऊक होतं, की परक्या राजाचा कायदाही तसाच असणार असं सगळे धरून चालले. घरात बारोनेझा परकर-पोलक्यात फिरत होती आणि आपण बारांव शोधायला शेजारच्या घरात गेलो.

तिथून उतारावरून खाली येताना मी विनोद करत होतो. आन्या एकदम म्हणाली, ‘बाबा, वेट. सो दे टुक यू फ्रॉम युअर मॉम... फॉर नथिंग?’

‘कुठली मॉम? सुलभाआजी? अगं, ती माझी काकी.’

‘बाबा,’ ती रस्त्यात थांबली, ‘शी इज युअर मॉम.’

इतक्या सहज. सत्तर वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कुणी म्हणणं वेगळं. मला रागच आला तिचा.

१२ नोव्हेंबर

पत्र तिथेच थांबवलं होतं. रेखाने वाचलं. म्हणाली, ‘नव्वदीच्या बाईला आता हे कळवून काय मिळवणार आहात? तिला वाटू दे, की दिला तो काहीतरी थोर कामासाठी दिला.’ तिचं म्हणणं खोटं नाही. दोन दिवस पाकीट टेबलावर तसंच पडून होतं.

मग मी शैलजाताईला फोन केला. म्हटलं, आधी खऱ्या मालकिणीला तिचा ऐवज कळवावा. ऐकून ती खूप हसली. ‘म्हणजे मी बारोनेझा? आणि आयुष्यभर गावकऱ्यांनी तुला मुजरे घातले? सोडणार नाही हां मी!’ मग हसू थांबलं. म्हणाली, ‘देवदत्ता, तुला एक सांगू का? मी तेव्हा आठ वर्षांची होते. होमाच्या पुढ्यातच बसले होते. भटजींनी काकांना विचारलं, काका म्हणाले, दिला. मग काकीला विचारलं. काकी काही बोललीच नाही. भटजींनी पुन्हा विचारलं. ती खाली बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस आहे, लाजतेय, होकार समजा. आणि तुला उचलून माझ्या आईच्या मांडीवर ठेवलं. मी काकीच्या तोंडाकडे बघत होते रे. ती लाजत नव्हती.’

हे मला कुणी कधी सांगितलं नाही. तुम्हीही नाही.

मी लहानपणी समजायचो, की दिलं म्हणजे नकोसा होतो. पुढे समजलो, की दिलं म्हणजे मोठ्या मनाची बाई. या दोन समजुतींवर आयुष्य काढलं. तू दिलाच नाहीस, हे तिसरं माझ्या मनालाही शिवलं नव्हतं.

बघ, ‘तू’ लिहून गेलो. आता खोडत नाही.

तुझ्याकडे चौथीपर्यंत शिकलो मी. हजेरी घेताना तू ‘देवदत्त प्रभुदेसाई’ म्हणायचीस, मी ‘हजर, बाई’ म्हणायचो. शाळेत बाई, घरी काकी. पत्राच्या तासाला तू फळ्यावर लिहून दिलंस, की तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. खडू हातात घेऊन, वर्गाकडे पाठ करून. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं असेल, हे मी आज सत्तराव्या वर्षी विचारतोय. माझ्या वाढदिवसाला तू कधीच यायची नाहीस. शाळेची कामं आहेत, असा निरोप यायचा. आईसाहेब औक्षण करायच्या, खूप माया केली त्यांनी, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण मी ओवाळून घेता घेता दाराकडे बघायचो आणि मला वाटायचं, काकीला मी आवडत नाही.

काका गेले तेव्हा मी इथून धावत आलो. अग्नी संग्रामने दिला, ते बरोबरच होतं. मी पुतण्यांमध्ये उभा होतो. तू आतल्या खोलीत बसली होतीस. मी वाकून नमस्कार केला, तू डोक्यावर हात ठेवलास आणि तो जरा जास्त वेळ तसाच ठेवलास. मी विचारलं, ‘काकी, काही हवंय का?’ तू म्हणालीस, ‘नको. तू जेवून घे.’ तेव्हाही बोलता आलं असतं. दोघांनाही. पण बाबासाहेब हयात होते, गादी होती, दारावर तो गोणपाटाखालचा दगड होता. आपण दोघांनी मिळून त्या दगडाचा मान राखला आणि त्या दगडाला माझ्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

वाईट वाटतं आई. फार वाईट वाटतं. पदवी गेल्याचं नाही, ती माझी नव्हतीच. मला वाईट वाटतं, की तुझा मुलगा नेला तो चुकीच्या समजुतीने, आणि ती समजूत एका कॉफीच्या कपात उलगडण्यासारखी होती. विचारायला कुणी गेलं असतं तर मी तुझ्या घरात मोठा झालो असतो, संग्रामशी भांडलो असतो, तुझा मार खाल्ला असता. वर्गातल्या सगळ्या मुलांना तू छड्या मारल्यास. मला कधी मारली नाहीस.

रेखाला मी म्हटलं, हे कळवायलाच हवं. दिलेलं दान परत मागत नाहीत, हे खरं. पण तू तर दिला म्हणालीच नाहीस. मग परत मागायचा तरी प्रश्न कुठे येतो?

जानेवारीत मी एकटा येतोय. संग्रामला सांगितलंय, की मी बाबासाहेबांच्या मोठ्या घरी उतरणार नाही, तुझ्याकडे राहीन. तो म्हणाला, ‘आईच्या खोलीतच खाट टाकतो.’ शैलजाताईने दारावरचं चिन्ह स्वतःकडे न्यायचं ठरवलंय. न्यावं. ते तिचंच आहे.

एक काम मात्र तुझ्यासाठी ठेवलंय. देवदत्त हे नाव मला होमाच्या दिवशी मिळालं. त्याआधी अडीच वर्षं तू मला दुसऱ्याच कुठल्या तरी नावाने हाक मारत होतीस. ते नाव मला आठवत नाही. शैलजाताईला आठवतं, ती फोनवर सांगणार होती, मी तिला थांबवलं. ते मला तुझ्याकडून हवं आहे. म्हणून खाली सही करत नाही. जागा मोकळी सोडतोय. मी आलो की हे पत्र माझ्यासमोर ठेव आणि तिथे तुझ्या हाताने लिही.

तुझा थोरला,

. . . . . . . . . . .