दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं

नाना,

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. जळगावला धाकट्याच्या घरी तुमच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवला. तुमच्या सुनेने सगळं रीतसर केलं, नाव ठेवायला जागा नाही. मीही हात जोडले. पण हात जोडताना माझ्या मनात जे चाललं होतं ते तुमच्यापर्यंत पोचलं असेल, तर घागरीतलं पाणी काही तुम्हाला गोड लागलं नसेल.

जेवणं झाल्यावर तुमच्या लाडक्याने एक खोकं आणून माझ्यापुढे ठेवलं. "अक्का, ओळख बरं!" आत तळहाताएवढं काळं यंत्र होतं. त्यात म्हणे आमच्या लहानपणचे सहाशे गेम भरलेले आहेत, कॅसेट नको, फुंकर मारायला नको, भिंतीवरच्या टीव्हीला एक वायर लावली की झालं. सोबत दोन रिमोट. एक त्याने घेतलं, एक माझ्या हातात दिलं आणि टँकवाला गेम लावला. पडद्यावर तीच जुनी अक्षरं आली आणि मी त्याने चालू करण्याची वाट बघत बसले. तो माझ्याकडे बघतोय, मी पडद्याकडे. "दाब ना अक्का, स्टार्ट तुझ्याकडेपण आहे!" मी खाली पाहिलं. होतं खरंच. पंचेचाळिशी उलटली माझी, पण अंगठा त्या बटणाकडे गेलाच नाही. तो हसला, त्याची बायको हसली. मीपण हसले, दुसरं काय करणार? संध्याकाळच्या गाडीने चाळीसगावला परत आले आणि आज दुपारची धुणीभांडी तशीच टाकून हे लिहायला बसलेय.

तुम्हाला आठवतं का तो पहिला गेम? धाकटा चौथीच्या स्कॉलरशिपला पास झाला म्हणून तुम्ही धुळ्याहून आणला होतात. ड्युटीवरून आलात, खांद्यावरची चामड्याची बॅग खुंटीला टांगली आणि खाकी शर्टही न काढता टीव्हीच्या मागे जाऊन बसलात. काडेपेटीच्या काडीने टीव्हीचं ते बारीक बटण फिरवत होतात, मी पुढून ओरडत होते, "आलं, आलं, गेलं, नाना परत मागे घ्या!" चित्र आलं तेव्हा तुम्ही लहान पोरासारखे हसलात. त्या संध्याकाळचा मला अजूनही राग येत नाही. राग त्याच्या पुढच्याचा आहे.

पहिलं रिमोट त्याचं, दुसरं माझं. ते काही कुणी ठरवलं नाही, तव्यावरची पहिली पोळी त्याला जायची तसंच ते झालं. आणि नाना, त्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं. चार दिशांचं बटण होतं, गोळी मारायचं होतं, पण मधली ती दोन बारकी बटणं नव्हतीच. गेम चालू करायचा तर त्याने, थांबवायचा तर त्याने. त्याला पाणी प्यायला जायचं असलं की तो दाबायचा आणि माझा हिरवा टँक जिथल्या तिथे उभा. कधी लबाडीने एकट्याचा खेळ निवडायचा आणि मला सांगायचाच नाही. मी आपली बटणं दाबत बसायचे, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. मी तुमच्याकडे तक्रार घेऊन आले. एकदा नाही, तीन-चारदा आले. तुम्ही तिकिटांचे गठ्ठे लावत मान वर न करता म्हणायचात, "दोन्ही सारखाच शेतस. बठ गुपचूप." हातात घेऊन बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आता दहावीनंतरचं. धुळ्याच्या पॉलिटेक्निकला, इलेक्ट्रॉनिक्सला माझं नाव पहिल्या यादीत लागलं. फॉर्मवर तुमची सही हवी होती. आठवडाभर तुम्ही "सकाय करू, सकाय करू" म्हणत उद्यावर ढकलत राहिलात. शेवटच्या दिवशी मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि अमळनेरच्या स्टँडवर येऊन तुमच्याच गाडीत बसले. मला वाटलं, सही काय, ते तिथेही करतील, गाडी तर त्यांचीच आहे. किती भाबडी होते मी! गाडी सुटायच्या आधी तुम्ही तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आलात.

"कोठे निघनी?"

"धुळ्याला. आज शेवटचा दिवस आहे नाना."

"धुयाले रोज कोन ली जाई तुले?"

"हीच गाडी नेईल," मी म्हटलं.

मागच्या बाकावरचा कुणीतरी पागोटेवाला हसला, "बरोबर शे ना कंडक्टर, पोर खरं बोलनी!" तो हसला नसता तर काय झालं असतं, याचा मी फार विचार केला आहे. तुमचा चेहरा बदलला. "उतर खाले," तुम्ही म्हणालात. "घर जाय." सगळी गाडी बघत होती. मी पिशवी छातीशी धरून उतरले, तुम्ही दार ओढून घेतलंत आणि दोरी ओढली. दोन घंट्या. गाडी माझ्यासमोरून गेली. तुम्ही खिडकीतून पाहिलंत की नाही ते मला माहीत नाही, कारण मी मान खाली घातली होती.

घरी आल्यावर आईने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या रविवारी धाकटा टँकच्या गेममध्ये कधी नव्हे इतका पुढे गेला होता, तुम्हीही कौतुकाने बघत होतात. त्या खेळात खाली विटांच्या आत एक गरुड असतो, त्याला सांभाळायचं. तो फुटला की दोघांचाही खेळ खलास, मग कितीही टँक शिल्लक असोत. आणि गंमत म्हणजे तो आपल्याच गोळीनेही फुटतो. मी माझा हिरवा टँक वळवला, दोन विटा उडवल्या आणि गरुडाला गोळी घातली. चालू करता येत नव्हतं, थांबवता येत नव्हतं, पण संपवता येत होतं. धाकट्याने घर डोक्यावर घेतलं. तुम्ही माझ्यावर ओरडलात, "तुन्हा डोया कोठे शेतस?" मी म्हटलं, चुकून लागली. तुम्ही रिमोट माझ्या हातातून काढून घेतलंत, वायर त्याच्याभोवती नीट गुंडाळलीत आणि कपाटावर ठेवून दिलंत.

तीन वर्षांनी धाकटा त्याच पॉलिटेक्निकला गेला. तुमच्याच गाडीने. ड्रायव्हरच्या मागची जागा तुम्ही त्याच्यासाठी रुमाल टाकून धरायचात, हे मला त्यानेच कौतुकाने सांगितलंय. मी तोपर्यंत अमळनेरच्या कॉलेजात आर्ट्सची दोन वर्षं काढून चाळीसगावला नांदायला आले होते. नवरा चांगला मिळाला, लेकरं चांगली निघाली, हे खरं आहे. लोकांना वाटतं एवढं असलं की बाईला आणखी काय हवं. मला आणखी हवं होतं, नाना. आजही मिक्सर बिघडला की मी आधी उघडून बघते. आतली कुठली तार कुठे जाते ते बोटाने शोधत बसते.

आणि शेवटी तुम्ही आलात ते माझ्याचकडे. तुमचा डावा हात लकव्याने गेला होता, आई नव्हती, धाकट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सहा महिने मी तुम्हाला आंघोळ घातली, घास भरवला. त्यात मी कसूर केली नाही, हे तुम्हीही मान्य कराल. अमळनेरचं घर आवरताना तो गेम मी उचलून आणला होता आणि जुना टीव्ही अजून चालत होता. एका दुपारी तुम्ही कंटाळलात म्हणून मी तो लावला. दोन्ही रिमोटं चालू होती. मी पहिलं घेतलं आणि दुसरं तुमच्या मांडीवर ठेवलं.

तुम्ही उजव्या अंगठ्याने चाचपत राहिलात. "याले स्टार्ट कोठे शे?"

"त्याला नसतं नाना."

"कसं काय नही?" तुम्ही ते उलटंपालटं करून बघितलंत, डोळ्यांजवळ नेलंत. "कोनी सांगं नही माले," तुम्ही म्हणालात.

मी सांगितलं होतं. तीन-चारदा. ते मी तेव्हा बोलून दाखवलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती. मी स्टार्ट दाबलं. तुमचा टँक एका हाताने कसातरी भिंतींवर आपटत फिरत होता, तुम्हाला ते आवडतही होतं. थोड्याच वेळात गरुड फुटला आणि मी तुमच्यावर ओरडले. अगदी तुमचंच वाक्य, फक्त शाळेतल्या मराठीत. "डोळे कुठे आहेत तुमचे?" शेजारच्या खोलीतून माझा मुलगा धावत आला, इतक्या मोठ्याने.

"चुकी गऊ माय," तुम्ही म्हणालात. मग रिमोट मांडीवर धरून एका हाताने त्याची वायर गुंडाळायचा प्रयत्न करत बसलात. ती सारखी सुटत होती. मी मदत केली नाही. त्यानंतर तुम्ही गेमचं नाव काढलं नाहीत आणि दीड महिन्यात गेलात.

जन्मभरात तुम्ही माझ्याकडे चूक कबूल केलीत ती तेवढी एकदा. पॉलिटेक्निकची नाही, स्टँडवरची नाही. मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही आणि हे कागद पुढच्या आखाजीला घागरीपाशी ठेवीन असंही नाही, चुलीत घालीन फार तर. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, ती इथे लिहून टाकते. त्या खेळात गोळ्या दोघांच्याही सारख्याच पांढऱ्या असतात, कुणाची कुठली ते कळत नाही. तुमचा टँक तेव्हा पार वरच्या कोपऱ्यात अडकला होता, नाना. गरुडाला लागलेली गोळी माझी होती.