मुखवट्याला दिलेला होकार

ती. एवारिस्तोदादास ओबदुलियाचा नमस्कार,

ऑरलँडोत तुझी, वहिनीची आणि तुमच्या नव्या एसीची तब्येत उत्तम असेल अशी आशा करते. इकडे मी, माझा गुडघा आणि बेचाळीस गाई ठीक आहोत. (गाई जास्त ठीक आहेत.)

आपल्या गावावरच्या लेखाचं तू कौतुकानं पाठवलेलं कात्रण मिळालं. ‘समुद्राची गाज ऐकत चरणाऱ्या तृप्त गाई’ हे मी गोठ्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. एकही हंबरली नाही. पानभर फोटोत जी ‘दुधाची राणी’ म्हणून छापली आहे, तो आपल्या शेजारच्या फुंदादोरचा बैल आहे. लेखकाला इथे म्हणे फक्त खारा वारा लागला. पहाटे चारला धारा काढायला आला असता तर शेणाचाही लागला असता. पण तुला लेख आवडणारच. एकोणीस वर्षं तू उंटावरून शेळ्या हाकतोयस, आणि आता जिथे गाई ती गाज ऐकतात तेच समुद्राकडचं कुरण हॉटेलवाल्यांना विकायचा कागद माझ्या सहीसाठी पाठवलायस. कागद मिळाला. पण आधी अठ्ठावीस डिसेंबरला, आपल्या मुखवट्यांच्या सणाला, काय झालं ते वाच, कारण दोष सगळा तुझा आहे.

तूच फोनवर म्हणाला होतास, "ओबे, यंदा मुखवटा घालूनच दारात येतो, बघू ओळखतेस का!" मी वेडी तीन दिवस पास्तेलेस करत बसले. (केळीच्या पानांनी बोटं हिरवी झाली आणि आत डुकराचं मांस दुप्पट, तुला आवडतं म्हणून.) दुपारी मुखवटेवाल्यांची गाडी दणदणत आली. घरातलं लाडकं काहीतरी पळवायचं आणि पोटभर खाल्लं की परत करायचं, हा त्यांचा त्या दिवशीचा हक्क आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यातला एक उंच, झालरींच्या झग्यातला, तुझ्यासारखाच डावा पाय ओढत आला, आणि मी थेट त्याच्या गळ्यात पडले. (निम्म्या गावाचे डावे पाय गाईंनीच तुडवलेत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.) बिचारा दोनदा काही सांगायला गेला, पण मी बोलू दिलं तर ना! बसवलं, चार पास्तेलेस वाढले आणि एकोणीस वर्षांची मळमळ ओकून टाकली. त्यातली निम्मी फुंदादोरवर होती: दर वर्षी कुंपण हातभर सरकवणारा, दुधात पाणी घालणारा, बायको गेल्यापासून अंगाला साबण न लावलेला. मुखवटा वर सरकवून तो घास घेई, पुन्हा खाली ओढी आणि मान डोलवी.

मग मात्र मला रडू आलं, दादा. म्हटलं, विक ते कुरण, मी सही करते, मला जमीन नको आहे, फक्त दर वर्षी असा येत जा. आणि तो उठल्यावर मी स्वतःच मारिपोसाचा दोर त्याच्या हातात दिला. मारिपोसा म्हणजे आईविना बाटलीवर वाढवलेली माझी कालवड, पहिलटकरीण, दिवस भरलेली. "लाडकं पळवायचं ना, ही पळव, आणि संध्याकाळी हिच्याबरोबर राहायलाच ये." एवढं बोलून मी तुझ्या खोलीतल्या चादरी बदलायला गेले.

संध्याकाळी फोन वाजला. तू बोलत होतास, ऑरलँडोहून. सुट्टी मिळाली नाही. त्याच श्वासात कागदाचं काय झालं ते विचारलंस. मी तिथेच फोन ठेवला, त्याचा तुला राग आला असेल. माझ्या डोळ्यांपुढे त्या वेळी फक्त परक्याच्या हातात दिलेला मारिपोसाचा दोर होता.

चोराच्या हाती किल्ल्या देणारी मीच, तक्रार कुणाकडे करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी कोण उभं असावं? फुंदादोर. एका हातात मारिपोसाचा दोर, खांद्यावर ओलं वासरू.

"ओबदुलियाबाई, वाटेतच व्यायला लागली. अडली होती. सोडून येता येईना," तो म्हणाला. मग जरा खाकरला. "दुधात पाणी मी घालत नाही. कुंपणाचं खरं आहे. ते आज मागे घेतो."

"आणि साबण?" मी विचारलं. (लाज वाटायला उशीर झालाच होता.)

"तो काल लावला होता. म्हणून तर तुम्ही ओळखलं नाहीत."

वहिनीस नमस्कार, मुलांस गोड पापा.

तुझी,
ओबदुलिया

ता. क. – फुंदादोरनं दुपारपर्यंत कुंपण खरंच मागे नेलं. हातभर मोजताना त्याचा हात आखूड पडतो.

ता. क. – तुझा कागद सहीशिवाय परत पाठवते आहे. होकार दिला होता हे मी नाकबूल करत नाही, साक्षीदारही आहे. पण तो मी घरी आलेल्या भावाला दिला होता.

ता. क. – तो भाऊ अजून आलेला नाही. आला तर त्याला म्हणावं, सही तयार आहे, आणि पास्तेलेस संपले असले तरी मी पुन्हा करीन.