तेल आपोआप निवळतं

७ ऑक्टोबर १९६८, मढ
डिझेल ट्रक आला. नवा कोरा. बायको एमिलियाने तिच्या बापाची वाडी विकून घेतला. पण घरात इंजिनाचं डोकं फक्त मला. बारा वर्षं फेरीबोटीवर इंजिनापासून चार फुटांवर बसून तिकिटं फाडलीत. कंपनीची वर्षभर वॉरंटी. सोबत कूपनांचं पुस्तक: दर चार हजार किलोमीटरला घाटकोपरच्या वर्कशॉपमध्ये तेल बदला, शिक्का घ्या, नाहीतर वॉरंटी रद्द. तेल खपवायचे धंदे. पुस्तक रद्दीत टाकलं.
संकल्प: वर्षभर तेल बदलणार नाही.

७ डिसेंबर
ड्रायव्हर खंडू तेलासाठी पुन्हा मागे लागला. चार हजार झाले, तेल काळं पडलं, म्हणे. काळ्या रंगाला घाबरणाऱ्या गिऱ्हाइकांवरच कंपन्या जगतात, हे त्याला समजावलं. सातवी नापास माणूस. ‘बरं, बेनेडिक्टशेठ’ म्हणाला. मासळी बाजारात टाकून येताना गाडी भांडुपला बहिणीकडे नेऊ का, विचारलं. नेऊ दिली. एमिलियाने त्याला डबा दिला, शिवाय एक पाकीट. ड्रायव्हरचे फार लाड करते.

८ डिसेंबर, सकाळी
इंजिनातली तेल मोजायची दांडी काढून तेल बोटांत चोळलं. मधासारखं स्वच्छ. काल काळं होतं. म्हणजे गाडीला एक शनिवार विश्रांती मिळाली की घाण खाली बसते आणि तेल आपोआप निवळतं. इंजिनियर म्हणवणाऱ्या गाढवांना हे सुचलं नाही.

९ फेब्रुवारी १९६९
खंडू काल पुन्हा बहिणीकडे. तेल पुन्हा निवळलं.

१३ एप्रिल
तिसऱ्यांदा. आता हा नियमच. वर्तमानपत्राला पत्र टाकलं. लोकांचे डोळे कोणीतरी उघडायला हवेत.

१८ एप्रिल
सीटखाली तेलाचे रिकामे डबे सापडले. खंडू माझ्या इंजिनातलं तेल काढून विकतो, दुसरं काय. जागच्या जागी काढून टाकला. तो नुसता एमिलियाकडे बघत राहिला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मी हात वर केला. इंजिनाच्या विषयात बायकांनी पडू नये. गाडीची चावी आता माझ्याकडे.

२ मे
भाचा फ्रेडी ड्रायव्हर. आता रोज एकीऐवजी दोन फेऱ्या. खंडू रोज सकाळी दांडी बघण्यात वेळ घालवायचा. फ्रेडी बघत नाही.

२० मे
फ्रेडी म्हणतो, तेलाच्या प्रेशरचा काटा खाली लोळतोय. काटाच खराब. कंपनीचा माल. त्यावर प्रवाशांना सांभाळणाऱ्या संत ख्रिस्तोफरचं चित्र चिकटवायला सांगितलं.

२९ मे
मालाडला ट्रक बसला. इंजिन जाम. मासळी रस्त्यातच नासली. एमिलिया जेवली नाही. वाडी गेली, आता ट्रकही गेला, म्हणाली. वॉरंटी आहे, म्हटलं. शिक्के नाहीत तर नाहीत, कंपनीच्या इन्स्पेक्टरला बोलण्यात गार करीन.

२ जून
इन्स्पेक्टर आला. विद्याधर नाव. टाय लावलेला पोरगा, ओठांवर धड मिशी नाही. कूपनं मागितली. मी शास्त्र समजावू लागलो, तर एमिलियाने प्रार्थनेच्या पुस्तकातून कूपनांचं पुस्तक काढलं. रद्दीतलंच. डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल. तीन शिक्के, तिन्ही घाटकोपरचे. खंडूला बहीणच नाही, एमिलियाने सांगितलं. पाकिटात तेलाचे पैसे असायचे.

मला का सांगितलं नाहीस, विचारलं.

‘सांगायला तोंड उघडलं होतं ना. तू हात वर केलास.’

लाज वाटली. फार. पण आशाही वाटली. चौथं कूपन पंधराच दिवस चुकलंय, ड्रायव्हर बदलला की होतं असं, साहेब सांभाळून घेतील, असं इन्स्पेक्टर म्हणाला. एमिलियाने त्याला चहा टाकला. त्याने फॉर्म काढला, पेन उघडलं, माझं पूर्ण नाव आणि पत्ता विचारला. सांगितला. तो लिहिता लिहिता थांबला. बॅगेतून कालचं वर्तमानपत्र काढलं.

‘हे पत्र तुमचंच का?’

माझंच. एकही शब्द न कापता छापलंय. पहिलंच वाक्य: मी माझ्या ट्रकचं तेल कधीही बदलत नाही.

त्याने पेनाला टोपण लावलं.